सहा फुटी छत्री आणि न्यू मेक्सिकोचं वाळवंट

शनिवार : एल पासो ते अलामोगोर्डो

एल पासोच्या विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेऊन हायवे ५४ला लागलो तेव्हा दुपार कलली होती. शहर संपलं की रस्ता नाकासमोर उत्तरेला जातो. दोन्ही बाजूंना लष्कराची हद्द, तारेचं कुंपण, खुरटी काटेरी झुडपं. वाटेत ओरोग्रांदे नावाची एक छोटी वस्ती लागते, बाकी काही नाही. उजवीकडे सॅक्रामेंटो डोंगर हळूहळू उंच होत जातात आणि त्यांच्या पायथ्याशी अलामोगोर्डो दिसायला लागतं.

सोबत मामा. त्यांची उभी नोकरी हवाई दलात झाली, आणि त्यातला मोठा काळ आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅराशूट पॅक करण्यात गेला. लांबलचक टेबलावर कॅनपी, म्हणजे पॅराशूटचं कापड, पसरायची, दोर सुटे करून मोजायचे, घडी घालायची, पिशवीत बसवायची आणि कार्डावर स्वतःची सही करायची. उडी मारणारा जवान त्या सहीवर विसंबून दारातून बाहेर पडतो. मामा माझ्याकडे डॅलसला राहायला आले तेव्हा मी त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवायचं ठरवलं होतं. ते म्हणाले, "कॅन्यन राहू दे गं. मला किटिंगर जिथे उतरला ते वाळवंट बघायचंय."

जो किटिंगर. अमेरिकी हवाई दलातला कॅप्टन. १६ ऑगस्ट १९६० रोजी तो हेलियमच्या फुग्याखाली टांगलेल्या उघड्या पाळण्यातून १,०२,८०० फुटांवर, म्हणजे ३१ किलोमीटरच्या वर गेला आणि तिथून त्याने खाली पाऊल टाकलं. एव्हरेस्टच्या साडेतीनपट उंची. तोवर अंतराळात माणूस गेलेला नव्हता. गागारिनला अजून आठ महिने होते. उंचीचा हा विक्रम पुढे बावन्न वर्षं टिकला. पण मामांना विक्रमाचं फारसं अप्रूप नाही. त्यांचा जीव अडकलाय तो किटिंगरच्या पाठीवरच्या एका लहानशा पॅराशूटमध्ये. का, ते मलाही या प्रवासातच नीट कळलं.

संध्याकाळी मोटेलच्या खिडकीतून पश्चिमेला एक पांढरी रेघ दिसत होती. व्हाइट सँड्स. तिकडे परवा जायचं होतं.

रविवार : टेकडीवरचं संग्रहालय

न्यू मेक्सिको म्युझियम ऑफ स्पेस हिस्ट्री गावाच्या वर, डोंगराच्या उतारावर आहे. सोनेरी काचांची चौकोनी इमारत लांबूनच दिसते. लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि उतरणीच्या वाटेने एकेक मजला बघत खाली यायचं, अशी रचना. बाहेर झेंड्यांपाशी हॅम या चिंपांझीचं थडगं आहे. जानेवारी १९६१ मध्ये अवकाशात जाऊन जिवंत परत आलेला तो हाच. लोकांनी तिथे केळी ठेवली होती.

आम्ही आत जायच्या आधी बाहेरच्या आवारातच अडकलो, कारण तिथे 'सॉनिक विंड' उभी आहे. रुळांवरून धावणारी रॉकेटची घसरगाडी. १० डिसेंबर १९५४ रोजी इथून जवळच्या हॉलोमन तळावर डॉक्टर जॉन पॉल स्टॅप या गाडीवर स्वतःला पट्ट्यांनी बांधून बसले. मागे नऊ रॉकेटं. पाच सेकंदांत ताशी १,०१७ किलोमीटर वेग, आणि मग १.४ सेकंदांत पूर्ण थांबा. त्या थांब्यात त्यांच्या शरीरावर गुरुत्वाच्या शेहेचाळीसपट भार आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं. मी आसनाजवळ उभी राहून बघत होते. बसायची जागा इतकी साधी आहे की अंगावर काटा येतो: एक खुर्ची, पट्टे, आणि समोर काहीच नाही.

त्या दिवशी वरून टी-३३ विमानातून या गाडीची पाहणी करत उडत होता तो सव्वीस वर्षांचा किटिंगर. फ्लोरिडातल्या टॅम्पाचा जन्म, २७ जुलै १९२८. लहानपण ऑर्लँडोच्या आसपास, तरुणपणी वेगाच्या बोटींच्या शर्यती, १९५० मध्ये हवाई दलात कमिशन, जर्मनीत काही वर्षं, आणि १९५४ मध्ये हॉलोमनला बदली. खालची घसरगाडी त्याच्या विमानाला मागे टाकून पुढे गेली. किटिंगरच्या आयुष्याला वळण लागलं ते इथे, असं मला वाटतं. स्टॅप यांचा नियम होता की प्रयोगातला धोका आधी स्वतः घ्यायचा. हा नियम किटिंगरने तसाच्या तसा उचलला. आज गाडीत बसल्यावर आपण जो पट्टा लावतो, त्याच्या सक्तीसाठी स्टॅप वर्षानुवर्षं भांडले. ही गोष्ट शाळेत शिकवली जायला हवी.

स्टॅप यांच्या पुढच्या कामात किटिंगर पहिला स्वयंसेवक झाला. प्रकल्पाचं नाव मॅनहाय. २ जून १९५७ रोजी मिनेसोटातून, टेलिफोन बूथपेक्षा फार मोठ्या नसलेल्या बंद डब्यात बसून तो ९६,००० फुटांवर गेला. ऑक्सिजनच्या जोडणीत गडबड होती आणि बराचसा साठा बाहेर निघून जात होता. आवाजाचा रेडिओ बंद पडला, मोर्सवर निरोप चालू राहिले. खालून खाली उतरण्याचा हुकूम आला तेव्हा त्याने मोर्समध्ये उत्तर पाठवलं: या आणि मला घेऊन जा. गंमतीत पाठवलेलं हे उत्तर जमिनीवरच्या लोकांनी खरं धरलं आणि हा माणूस उंचीच्या नशेत गेला की काय या काळजीने ते हैराण झाले.

मामांना मात्र पुढचा प्रश्न सांगायची घाई झाली होती. जेट विमानं दरवर्षी अधिक उंच जात होती. तिथे वैमानिकाला बाहेर पडावं लागलं तर? पॅराशूट लगेच उघडलं तर विरळ हवेत, गोठवणाऱ्या थंडीत तो लोंबकळत राहणार आणि ऑक्सिजन संपून मरणार. उघडलं नाही तर आधाराला हवाच नाही, त्यामुळे शरीर आडवं होऊन गरगर फिरायला लागतं. हवाई दलाने उंचावरून मानवी पुतळे टाकून पाहिले होते. त्यातले काही मिनिटाला दोनशे फेऱ्यांनी फिरले. त्या वेगाला मेंदूत रक्त साकळून माणूस जागीच संपतो.

रात्री मोटेलच्या खोलीत मामांनी उत्तर दाखवलं. अंघोळीचा एक टॉवेल, हात पुसायचा एक नॅपकिन आणि माझ्या बॅगेतली नाडी एवढं सामान घेऊन ते पलंगाच्या कडेला बसले. "हा नॅपकिन म्हणजे ड्रोग," ते म्हणाले. त्यांच्या बोटांना अजून सवय आहे. घडी घालताना तळहाताच्या कडेने आतली हवा बाहेर ढकलत नेतात, दोर कधीच ओढत नाहीत, नुसते लावत जातात. फ्रान्सिस बोप्रे या ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरच्या तंत्रज्ञाने काढलेली योजना अशी: उडी मारल्यावर काही सेकंदांनी आधी अठरा इंची छोटी छत्री बाहेर पडते. ती सहा फुटी ड्रोग ओढून काढते. ड्रोग वेग फार कमी करत नाही, फक्त माणसाला पाय खाली धरून सरळ ठेवते. त्यामुळे तो झपाट्याने खालच्या दाट हवेत येतो, आणि तिथे हवेच्या दाबावर चालणारं यंत्र अठ्ठावीस फुटी मुख्य पॅराशूट उघडतं. वैमानिक बेशुद्ध असला तरी.

"म्हणजे सगळा खेळ या नॅपकिनचा?" मी विचारलं.

"सगळा," मामा म्हणाले. "आणि तो वेळेवर सुटण्याचा."

तो वेळेवर सुटला नाही तर काय होतं, हे किटिंगरला पहिल्याच उडीत कळलं. १६ नोव्हेंबर १९५९, एक्सेलसियर नावाच्या या प्रकल्पाचं पहिलं उड्डाण, उंची ७६,४०० फूट. पाळण्यातल्या आसनावरून उठताना तो अडकला, त्या धडपडीत टायमरची दोरी आधीच ओढली गेली, आणि बाहेर पडल्यावर सोळा सेकंदांनी सुटायची छत्री अडीच सेकंदांत सुटली. हवा इतकी विरळ की ती फुगलीच नाही. तिचा दोर त्याच्या मानेभोवती गुंडाळला गेला. मिनिटाला एकशेवीस फेऱ्या. शुद्ध गेली. जाग आली तेव्हा तो राखीव पॅराशूटखाली लटकत होता, कारण यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. चार आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ११ डिसेंबरला, तो पुन्हा वर गेला आणि ७४,७०० फुटांवरून त्याच पद्धतीने उडी मारली. या वेळी सगळं जागच्या जागी झालं.

मामांनी टॉवेल उलगडून पुन्हा बाथरूममध्ये टांगला. नॅपकिन मात्र बराच वेळ हातात होता.

सोमवार : व्हाइट सँड्स

सकाळी हायवे ७० वर गाड्या थांबवल्या होत्या. पलीकडच्या क्षेपणास्त्र तळावर चाचणी असली की महामार्गच बंद ठेवतात. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. एक बाई इंजिन बंद करून विणकाम करत बसली होती.

व्हाइट सँड्सची वाळू म्हणजे जिप्सम, खडूसारखी पांढरी. उन्हातही पायाला गार लागते. मुलं प्लॅस्टिकच्या थाळ्यांवरून टेकड्यांवरून घसरत होती. मामा बूट हातात घेऊन एका टेकडीवर गेले आणि वर बघत उभे राहिले. डोक्यावरून हॉलोमनची लढाऊ विमानं जोडीने गेली. तळ इथून इतका जवळ आहे की विमानाचं पोट स्पष्ट दिसतं. या पांढऱ्या पट्ट्यावरचं आकाश मोकळं, वस्ती विरळ, हवा कोरडी. फुगे सोडायला आणि माणसं खाली टाकायला हीच जागा का निवडली, ते इथे उभं राहिलं की विचारावं लागत नाही.

मंगळवार : टुलारोसा आणि उत्तरेचा रस्ता

या प्रवासाचा खरा दिवस आजचा.

टुलारोसा हे अलामोगोर्डोच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवरचं जुनं गाव. रस्त्याच्या कडेने पाटाचं पाणी खेळतं, त्यावर कॉटनवूडची मोठमोठी झाडं. आठवड्याच्या मधल्या दिवशी गाव निवांत असतं. एका छोट्या खाणावळीत हिरव्या मिरचीच्या सॉसमध्ये बुडवलेला बीन बरीटो खाल्ला. मामांनी मिरचीला मान डोलावली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. मालकीण बाईंना आम्ही कशासाठी आलोय ते सांगितलं. त्यांनी उत्तरेकडे हात केला आणि म्हणाल्या, तिकडचं सगळं सरकारी, कुंपणापलीकडे जाऊ नका.

किटिंगरचा फुगा याच भागातल्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवरून सुटला होता. तिथवर जाता येत नाही. आम्ही हायवे ५४ ने थ्री रिव्हर्सपर्यंत गेलो. तिथे काळ्या दगडांच्या लांब टेकाडावर जुन्या रहिवाशांनी कोरलेली एकवीस हजारांहून जास्त चित्रं आहेत: पक्षी, मेंढे, मुखवटे, वर्तुळात ठिपके. टेकाडावरून पश्चिमेला अख्खं खोरं दिसतं, आणि ज्या मातीवर किटिंगर उतरला तीही त्यातच कुठेतरी. मामा एका सपाट दगडावर बसले. मी पाण्याची बाटली दिली आणि म्हटलं, "सांगा आता, सुरुवातीपासून."

पहाटे तयारी सुरू झाली. उड्डाणाआधी दोन तास शुद्ध ऑक्सिजन, रक्तातला नायट्रोजन निघून जावा म्हणून. अंगावर थरांवर थर आणि दाबाचा पोशाख. पोशाख, पॅराशूट, यंत्रं मिळून त्याचं वजन दुप्पट, १४५ किलोच्या घरात. फुगा वर जाऊन पूर्ण फुगल्यावर ८५ हजार घनमीटरचा. पाळण्याच्या दाराखाली पाटी होती: ही जगातली सर्वांत उंच पायरी. त्याच्या लहान मुलाने धान्याच्या खोक्यावरून कापलेली गाडीची कागदी नंबरप्लेटही पाळण्याला चिकटवलेली होती. मला ही नंबरप्लेट फार आवडते. बापाच्या वाहनाला नंबर हवा, एवढं त्या पोराला पुरतं कळलं होतं.

४३,००० फुटांवर त्याच्या लक्षात आलं की उजव्या हातमोज्यात दाब येत नाहीये. १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की उघड्या अंगातलं पाणी शरीराच्या उष्णतेनेच उकळायला लागतं. हात सुजणार, निकामी होणार, हे त्याला माहीत होतं. जमिनीवर कळवलं तर ते उड्डाण थांबवणार, हेही माहीत होतं. तो गप्प राहिला. जमीन सोडल्यापासून दीड तासाने वर पोचला तेव्हा हात दुप्पट सुजला होता आणि बोटं हलत नव्हती. मग त्याने खाली सांगितलं.

मामा आपला उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत होते. "रिपकॉर्ड, म्हणजे पॅराशूट उघडायची दोरी, उजव्या हातात असते," ते म्हणाले. "त्या हाताशिवाय जायचं त्याने ठरवलं, कारण बोप्रेच्या पॅराशूटला हात लागतच नव्हता. हीच तर चाचणी होती."

वर तो अकरा-बारा मिनिटं थांबला, फुगा उतरण्याच्या ठरलेल्या जागेवर यावा म्हणून. वातावरणाचा नव्व्याण्णव टक्के भाग पायाखाली. वर सूर्य तळपतोय आणि आकाश मात्र काळं. खाली ढगांचा थर, न्यू मेक्सिको झाकलेलं. देवा, आता तूच सांभाळ, एवढं बोलून त्याने पाऊल टाकलं. पाळण्यावरच्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेलं ते छायाचित्र 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर आलं: पाठमोरा माणूस, खाली ढग.

पडण्याची जाणीव सुरुवातीला झालीच नाही. कानांना वारा नाही, कपडे फडफडत नाहीत. अंग वळवून वर पाहिलं तेव्हा फुगा काळ्या आकाशात भरधाव वर जाताना दिसला, आणि मग कळलं की फुगा जागेवर आहे, जातोय तो मीच. पंधरा-सोळा सेकंदांनी सहा फुटी छत्री सुटली. या वेळी ती फुगली. तो सरळ झाला आणि सरळच राहिला. वेग ताशी ९८८ किलोमीटरला पोचला. बाहेर उणे सत्तर अंश. चार मिनिटं छत्तीस सेकंद तो असा पडत राहिला, अठरा हजार फुटांच्या आसपास मुख्य पॅराशूट आपोआप उघडलं, आणि पाळणा सोडल्यापासून पावणेचौदा मिनिटांनी तो या खोऱ्यातल्या झुडपांत आदळला. हात तीन तासांत पूर्ववत झाला.

मामांनी मान हलवली. "फुगली बघ," ते म्हणाले. "सहा फुटांची. इतक्या वरही फुगली."

आता मला पटलं. त्या दिवशी उडी मारून किटिंगरने जगातल्या प्रत्येक लढाऊ वैमानिकाला सांगितलं की इतक्या उंचीवरूनही परत येता येतं. हवाई क्रीडांच्या जागतिक महासंघाकडे त्याने विक्रमाची नोंद मागितलीसुद्धा नाही. आज विमानातून बाहेर फेकली जाणारी खुर्ची आधी ड्रोगने स्थिर होते आणि खाली आल्यावर वैमानिकाचं मुख्य पॅराशूट आपोआप उघडतं. आपल्या गगनयानच्या यानालाही उतरताना आधी दोन ड्रोग सांभाळणार आहेत, आणि ती पॅराशूट आग्र्याच्याच संरक्षण प्रयोगशाळेने तयार केली आहेत. हे सांगताना मामांचा आवाज जरा वर गेला. जायलाच हवा.

बुधवार : डोंगर ओलांडून रॉझवेल

टुलारोसाहून रस्ता डोंगरात चढतो. मेस्कालेरो अपाची लोकांचं राखीव क्षेत्र, पाइनची दाट झाडी, मग रुईडोसो. २०२४च्या जूनमधल्या वणव्याने जळालेले डोंगरउतार अजून काळे आहेत. पलीकडे होंडोच्या दरीत सफरचंदाच्या बागा आणि रस्त्याकडेची विक्रीची खोपटं. एक पिशवी घेतली.

वाटेत बोलणं किटिंगरच्या पुढच्या आयुष्याचं. त्याच्यानंतर ज्यांनी प्रयत्न केले त्यांची आठवण निघाली की मन जड होतं. १ नोव्हेंबर १९६२ रोजी सोव्हिएत संघात व्होल्गाकाठी दोघांनी एकाच फुग्यातून उडी मारली. येव्गेनी आंद्रेयेव साडेचोवीस किलोमीटर ड्रोगशिवाय पडत सुखरूप खाली आले, आणि अधिकृत नोंद त्यांच्या नावावर झाली. प्योत्र डोल्गोव यांच्या शिरस्त्राणाची काच बाहेर पडताना पाळण्याला लागून तडकली. पॅराशूटखाली उतरलं ते त्यांचं प्रेत. अमेरिकेत निक पियांटानिडा हा न्यू जर्सीचा तरुण या विक्रमामागे लागला. १ मे १९६६ रोजी ५७ हजार फुटांवर त्याच्या पोशाखातला दाब गेला. शुद्धीवर न येताच तो ऑगस्टमध्ये वारला.

किटिंगर स्वतः व्हिएतनामला गेला. एकदा नाही, तीनदा. ४८३ मोहिमा, एक मिग-२१ पाडलेलं. ११ मे १९७२ रोजी त्याचं फँटम विमान पडलं आणि त्याला खुर्चीसकट बाहेर पडावं लागलं. म्हणजे ज्या कामासाठी आयुष्य वेचलं, ते शेवटी त्याच्याच जिवाच्या उपयोगी आलं. पुढचे अकरा महिने हनोईच्या तुरुंगात गेले. मारहाण झाली, दोरांनी बांधलं. तिथे मन शाबूत राहावं म्हणून तो फुग्यातून पृथ्वीप्रदक्षिणेचे बेत आखत बसायचा.

गुरुवार : रॉझवेल

मेन स्ट्रीटच्या दिव्यांना परग्रहवासीयांचे डोळे आहेत, दुकानांत हिरव्या बाहुल्या. १९४७ मध्ये इथल्या माळावर पडलेल्या अवशेषांवरून सुरू झालेली दंतकथा अजून गावाला पोसते. तिच्यात किटिंगरही आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. पन्नासच्या दशकात या भागात फुग्यांतून पुतळे टाकले जायचे, आणि मे १९५९ मध्ये रॉझवेलजवळ एका सरावात पाळण्याची धडक बसून कॅप्टन डॅन फुलघम यांचं डोकं भयंकर सुजलं. त्यांना वॉकर तळाच्या इस्पितळात नेलं तेव्हा सोबत लाल केसांचा किटिंगर होता. मोठ्या डोक्याचा विचित्र प्राणी आणि दरडावणारा लाल केसांचा अधिकारी, या आठवणी तिथूनच आल्या असाव्यात, असं हवाई दलाने १९९७च्या अहवालात मांडलं. मला हे स्पष्टीकरण पटतं.

वॉकर तळ १९६७ मध्ये बंद झाला. आता तिथे रॉझवेल एअर सेंटर आहे. कुंपणाच्या आत निवृत्त प्रवासी विमानांच्या रांगा, काहींची इंजिनं काढलेली. १४ ऑक्टोबर २०१२ च्या सकाळी फेलिक्स बाउमगार्टनर या ऑस्ट्रियाच्या उडीपटूचा फुगा इथून सुटला. किटिंगरच्या फुग्याच्या दहापट मोठा, पातळ प्लॅस्टिकचा. ३८,९६९ मीटर उंची, ताशी १,३५७ किलोमीटर वेग. ध्वनीचा वेग ओलांडणारा विमानाबाहेरचा पहिला माणूस. चक येगरने विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला त्याला त्या दिवशी बरोबर पासष्ट वर्षं झाली होती.

जमिनीवरून फेलिक्सशी बोलणारा मुख्य आवाज होता चौऱ्याऐंशी वर्षांच्या किटिंगरचा. स्वतःचा बावन्न वर्षांचा विक्रम मोडायला आलेल्या माणसाला तो बाहेर पडण्याच्या यादीतली एकेक पायरी वाचून दाखवत होता. वर जाताना फेलिक्सच्या काचेवर वाफ धरायला लागली, तो अस्वस्थ झाला, आणि म्हाताऱ्याच्या शांत आवाजाने त्याला सावरलं. मी त्या दिवशीचं प्रक्षेपण पाहिलं होतं. उडीपेक्षा तो आवाज लक्षात राहिला.

बाउमगार्टनरने ड्रोग वापरायचं टाळलं, कारण वेग कमी झाला असता. ठरावीक मर्यादेपलीकडे फिरला तरच ते आपोआप सुटणार होतं. तो फिरलाही, भोवऱ्यासारखा, पण शरीराच्या कसबाने स्थिर झाला. आणि दोनच वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, गूगलमधले संगणकतज्ज्ञ अ‍ॅलन युस्टस याच धावपट्टीवरून कोणताही गाजावाजा न करता वर गेले. पाळणा नाही, कुपी नाही. पोशाखासकट स्वतःच फुग्याला टांगलेले. ४१ किलोमीटरच्याही वरून ते सुटले, सोबत ड्रोग घेऊन. उंचीचा विक्रम आज त्यांचा आहे. मामा कुंपणाची जाळी धरून म्हणाले, "बघ, ज्याला सगळ्यात वरून यायचं होतं त्याने ड्रोग घेतलं."

बाउमगार्टनर १७ जुलै २०२५ रोजी इटलीत पॅराग्लायडिंग करताना गेले. किटिंगर ९ डिसेंबर २०२२ ला, फ्लोरिडात, चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य जगून.

शुक्रवार : अल्बुकर्की

तीन तासांचा सपाट रस्ता. गावात बलून म्युझियम आहे, अटलांटिक पहिल्यांदा फुग्यातून ओलांडणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या, अँडरसन आणि अब्रुझोच्या नावाचं. ते तिघे १९७८ मध्ये एकत्र गेले होते. अटलांटिक एकट्याने ओलांडणारा पहिला माणूस किटिंगर: सप्टेंबर १९८४, मेन राज्यातल्या कॅरिबूहून निघून इटलीतल्या मोंतेनोत्तेला, ५,७०० किलोमीटर. छप्पन्न वर्षांचं वय, उतरताना पाय मोडला. तुरुंगात आखलेल्या बेतांपैकी निदान एवढा पुरा झाला, याचं मला समाधान वाटतं. फुग्यांच्या शर्यतीचा गॉर्डन बेनेट चषक तर त्याने चारदा जिंकला.

एका नकाशापुढे उभं राहून मी मामांना विचारलं, आपल्याकडून कोण? त्यांनी लगेच सांगितलं. २००५ मध्ये विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून २१,०२७ मीटरवर गेले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले. आणि पुण्याची शीतल महाजन: एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी, तीही आयुष्यातली पहिली; नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून २१,५०० फुटांवरून. "तिचं पॅराशूट कोणी पॅक केलं असेल," मामा म्हणाले, "विचारायला हवं."

संग्रहालयाच्या मैदानावर भाड्याचे फुगे घडी घालायचं काम चालू होतं. चार पोरं कापड गुंडाळत होती आणि हवा आत राहत होती. मामा थोडा वेळ बघत राहिले, मग चष्मा खिशात ठेवून त्यांच्यात गेले आणि तळहाताच्या कडेने हवा कशी बाहेर काढायची ते दाखवू लागले.